गाठ जाळायची की कापायची? सही करण्याआधी काय तपासाल

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६८. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात, बाहेरच्या बाजूला १.८ सेंटिमीटरची गाठ सापडली. बायॉप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही, म्हणून स्टेज वन-ए, म्हणजे अगदी सुरुवातीची, सांगितली आहे. बाबांनी तीस वर्षं सिगारेट ओढली, आता सोडली आहे. श्वासाच्या तपासणीत एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ५८ टक्के आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू शिरण्याची क्षमता) ५२ टक्के आलं. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे. सर्जन खालचा पूर्ण खंड काढू म्हणतात. दरम्यान, शस्त्रक्रियेऐवजी सुई घालून गाठ उष्णतेने मारण्याची क्लिनिकल ट्रायल सुरू असल्याचं कळलं आणि तिचं संमतीपत्र हातात आलं. बाबांना छाती उघडून घ्यायची नाही, ते आजच सही करायला तयार आहेत. नातेवाईक म्हणतात, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. काय करावं?

उत्तर : सही या आठवड्यात नको. ट्रायल वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून दिसतं की सहीआधी निदान तीन गोष्टी अजून व्हायच्या आहेत, आणि त्यातल्या एकीने कदाचित सगळा प्रश्नच बदलेल. गाठ १.८ सेंटिमीटरची आहे. योग्य तपासण्यांत दोन-तीन आठवडे गेले तर सहसा नुकसान होत नाही. महिनोन् महिने मात्र जाऊ देऊ नका.

आधी संमतीपत्राचं ‘अभ्यासाची पद्धत’ हे पान काढा. उष्णतेच्या उपचारांच्या ट्रायल मुख्यतः दोन जातीच्या असतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात. पहिल्या जातीत गाठ तापवतात आणि काही दिवसांनी ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया करून तोच भाग काढतात. पेशी खरोखर मेल्या का, किती मिलिमीटरपर्यंत मेल्या, हे पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असतं. ही पायरी फार मोलाची असते, कारण तापवलेल्या पेशी नेहमीच्या रंगाने रंगवल्या तर काही वेळा जशाच्या तशा दिसतात, जणू उष्णतेने जागच्या जागी गोठून गेल्यात. त्या जिवंत आहेत की मेलेल्या, हे कळायला वेगळा रंग वापरावा लागतो. पण बाबांचा हेतू शस्त्रक्रिया टाळण्याचा असेल, तर या ट्रायलमध्ये ती टळत नाही. उलट दोन प्रक्रिया होतात. दुसऱ्या जातीत उष्णतेचा उपचार खरोखर शस्त्रक्रियेच्या जागी येतो. त्यातही ‘रँडमाइज्ड’ असं लिहिलं असेल तर कोणाला काय मिळणार हे संगणक ठरवतो. सही करूनही बाबांच्या वाट्याला शस्त्रक्रिया येऊ शकते. ती आली तर नकार द्यायचा, असं त्यांनी आत्ताच मनाशी ठरवलं असेल तर त्या ट्रायलमध्ये जाऊ नये. असं अनेकांनी केलं की ट्रायल कोलमडते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची थेट तुलना करणाऱ्या स्टार्स, रोसेल आणि झेड-४०९९ या तिन्ही ट्रायल पुरेसे रुग्ण न मिळाल्याने अर्ध्यात बंद करायची वेळ आली होती.

आता बाबांचे आकडे. खंड काढल्यावर किती श्वास उरेल याचा अंदाज कागदावर करता येतो. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ उपखंड, म्हणजे खंडांचे लहान भाग, धरतात. उजव्या खालच्या खंडात ५ असतात. म्हणजे उरले १४. ५८ ला १४ ने गुणा, १९ ने भागा : एफईव्ही-१ सुमारे ४३ टक्के उरेल. तसंच डीएलसीओ सुमारे ३८. दोन्ही आकडे ६० च्या वर असते तर सर्जनने निर्धास्त पुढे जावं. ३० च्या खाली असते तर धोका मोठा. बाबा मधल्या पट्ट्यात आहेत. या पट्ट्यातल्या रुग्णाला नुसत्या फुंकण्याच्या चाचणीवर पात्र किंवा अपात्र ठरवत नाहीत, त्याला चालवून किंवा जिना चढवून पाहतात. दोन खुणांमध्ये ये-जा करत चालायच्या शटल वॉक चाचणीत ४०० मीटरच्या पुढे गेले, किंवा जिन्याने २२ मीटर उंची चढले, तर शस्त्रक्रियेचा धोका कमी धरतात. नाही जमलं तर सायकलवर किंवा ट्रेडमिलवर व्यायाम करताना शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. दर किलो वजनामागे मिनिटाला २० मिलिलिटरच्या वर असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर मोठी शस्त्रक्रिया नको. ही चाचणी झाल्याचं तुमच्या पत्रात कुठे नाही. ती आधी मागा. स्टेंट असल्यामुळे हृदयाची तपासणीही त्यासोबत व्हायलाच हवी.

दुसरी गोष्ट : तुमच्यासमोर ‘पूर्ण खंड की सुई’ असे दोनच पर्याय ठेवलेले दिसतात. प्रत्यक्षात चार आहेत. २ सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या बाहेरच्या भागातल्या गाठीसाठी आता फक्त तो उपखंड काढणं, म्हणजे सेगमेंटेक्टमी, हा तोलामोलाचा पर्याय आहे. जपानमधल्या ११०६ रुग्णांच्या जेसीओजी-०८०२ ट्रायलमध्ये पाच वर्षांनी उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के आणि पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के हयात होते. त्याच फुप्फुसात किंवा आसपास आजार परतण्याचं प्रमाण मात्र उपखंडवाल्यांत जास्त होतं : १०.५ विरुद्ध ५.४ टक्के. सीएएलजीबी-१४०५०३ या ६९७ रुग्णांच्या ट्रायलमध्येही कमी भाग काढलेल्यांचा निकाल पूर्ण खंड काढलेल्यांइतकाच आला. बाबांच्या बाबतीत एकच उपखंड काढून भागलं तर एफईव्ही-१ सुमारे ५५ आणि डीएलसीओ सुमारे ४९ उरेल. ४३ आणि ३८ पेक्षा हे बरंच बरं. शिवाय ही शस्त्रक्रिया बहुतेकदा दुर्बिणीतून होते. दोन-तीन लहान छेद असतात, फासळ्या फाकवत नाहीत. ‘छाती उघडायची नाही’ असं बाबा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकं काय आहे ते विचारा. पाठीपासून पुढेपर्यंतचा लांब छेद असेल, तर त्यांची भीती कदाचित दुसऱ्याच शस्त्रक्रियेबद्दल आहे.

चौथा पर्याय म्हणजे एसबीआरटी, नेमका आणि जोरदार किरणोपचार; सहसा तीन ते पाच वेळा, आठवडा-दोन आठवड्यांत. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांत आज पहिली पसंती यालाच असते. आरटीओजी-०२३६ या अभ्यासात तीन वर्षांनी मूळ गाठ काबूत राहण्याचं प्रमाण ९७.६ टक्के होतं. म्हणून ट्रायलच्या डॉक्टरांना हे विचाराच : ‘बाबांना शस्त्रक्रिया झेपत नसेल, तर एसबीआरटी सोडून उष्णता का?’ याला चांगली उत्तरं असू शकतात. आधी त्याच जागी किरणं दिलेली असणं हे एक. उपचार एकाच बैठकीत संपणं आणि गरज पडल्यास तो पुन्हा करता येणं, हे दुसरं. उत्तर मिळालं नाही, तर थांबा.

आता उष्णतेकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशीतली प्रथिनं जवळजवळ लगेच गोठतात आणि पेशी मरते. ५० अंशांच्या आसपास तेच व्हायला काही मिनिटं लागतात. १०० च्या पुढे ऊतीतलं पाणी उकळतं आणि कोळसा होतो. तापवण्याच्या रेडिओफ्रीक्वेन्सी या पद्धतीत सुईतून विजेचा प्रवाह जातो आणि मांड्यांवर लावलेल्या पॅडमधून परत येतो. कोळसा झाला की प्रवाह अडतो आणि उष्णता बाहेर पसरत नाही. हवेने भरलेलं फुप्फुसही प्रवाहाला अडवतं, त्यामुळे गाठ तापते पण तिच्या भोवतीचा कडेचा पट्टा कमी तापतो. मायक्रोवेव्ह या दुसऱ्या पद्धतीला ना पॅड लागतात ना प्रवाह. हवेतूनही ती पुढे जाते, जास्त तापते, काम ५ ते १० मिनिटांत होतं. फुप्फुसासाठी हल्ली तिच्याकडे कल वाढण्याचं कारण हेच. तरीही ३ मिलिमीटरहून मोठी रक्तवाहिनी गाठीला चिकटून जात असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि नेमक्या त्या बाजूच्या पेशी वाचतात. परतलेला आजार बऱ्याचदा तिथूनच उगवतो. बाबांचा सीटी स्कॅन समोर ठेवून ‘गाठीपासून सर्वात जवळची मोठी वाहिनी किती अंतरावर आहे?’ हे विचारा, आणि बोट ठेवून दाखवायला सांगा.

कडेचा पट्टा इतका महत्त्वाचा का? ॲडिनोकार्सिनोमाच्या पेशी डोळ्याला दिसणाऱ्या गाठीच्या बाहेरही शिरलेल्या असतात. कापून काढलेल्या फुप्फुसांवर केलेल्या मोजमापात असं दिसलं की ९५ टक्के प्रसार सामावून घ्यायला गाठीभोवती ८ मिलिमीटर धरावे लागतात. म्हणून सगळीकडून किमान ५ मिलिमीटर, शक्यतो १० मिलिमीटर निरोगी ऊतीही मारायची असते. बाबांच्या १.८ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ५ मिलिमीटरचा पट्टा धरला तर २.८ सेंटिमीटरचा गोळा मारावा लागतो, म्हणजे गाठीच्या पावणेचार पट घनफळ. १० मिलिमीटर धरले तर ३.८ सेंटिमीटर, म्हणजे नऊ पटींहून जास्त. व्यासातला एवढासा फरक घनफळात इतका मोठा होतो, म्हणूनच ३ सेंटिमीटरच्या पुढच्या गाठींत या उपचाराचं यश घसरतं आणि २ च्या आत ते सर्वात चांगलं असतं. या एका बाबतीत बाबांची गाठ अनुकूल आहे.

उपचार होताना सीटीवर गाठीभोवती धुरकट वलय दिसतं. ते सर्व बाजूंनी पूर्ण हवं. एका बाजूला तुटलेलं दिसलं तर सुई सरकवून पुन्हा तापवतात. इथे दोन फसवणुकी असतात. वलयाच्या बाहेरच्या काही मिलिमीटरमध्ये नुसती सूज किंवा रक्त असतं, तिथल्या पेशी जिवंत असू शकतात. शिवाय तापल्याने पाणी उडून ऊती आक्रसते, त्यामुळे उपचारानंतर मोजलेले मिलिमीटर आधीच्या मिलिमीटरशी जुळत नाहीत. यंत्रासोबत येणारे ‘इतके वॉट, इतकी मिनिटं, इतका गोळा’ असे तक्ते बरेचदा प्राण्याच्या काढलेल्या यकृतावर तयार केलेले असतात. हवेने भरलेल्या, श्वासागणिक हलणाऱ्या फुप्फुसात तोच आकार मिळेलच असं नाही. चांगल्या ट्रायलमध्ये पट्टा कोण, कधी आणि कसा मोजणार हे लिहिलेलं असतं, आणि मोजणारा सुई घालणाऱ्याहून वेगळा असतो. तुमच्या संमतीपत्रात ते शोधा. नसेल तर मुख्य संशोधकाला विचारा.

आणि तिसरी गोष्ट, लसीका ग्रंथी. आमच्या मते सुईच्या उपचारातली सर्वात मोठी उणीव ही आहे. शस्त्रक्रियेत सर्जन गाठीसोबत फुप्फुसाच्या मुळाशी आणि छातीच्या मध्यभागी असलेल्या ग्रंथीही काढून तपासायला देतो. पेटवर स्वच्छ दिसणाऱ्या स्टेज वनच्या रुग्णांतही, साधारण दहातल्या एकाला तरी, ग्रंथीत कॅन्सर लपलेला सापडतो, आणि मग पुढची औषधं बदलतात. सुईने गाठ मारली की ग्रंथी तशाच राहतात, गाठीचा तुकडाही हाती येत नाही. म्हणून ट्रायलमध्ये जायचं असेल तर आधी ईबस करून घ्या, म्हणजे श्वासनळीतून सोनोग्राफीच्या आधारे ग्रंथींचे नमुने घेणं. पेट स्वच्छ असला तरी करा. बायॉप्सीच्या नमुन्यावर ईजीएफआर, एएलके वगैरे, म्हणजे गाठीतल्या जनुकीय बदलांच्या, तपासण्याही आत्ताच उरकून घ्या.

आतापर्यंतचा पुरावा काय सांगतो? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅप्चर अभ्यासात १०६ रुग्णांच्या १८३ गाठी, सगळ्या ३.५ सेंटिमीटरच्या आतल्या, रेडिओफ्रीक्वेन्सीने तापवल्या. नंतर तपासता आलेल्यांपैकी ८८ टक्के रुग्णांत वर्षभर टिकणारा पूर्ण प्रतिसाद मिळाला. २०१५ मधल्या झेड-४०३३ मध्ये शस्त्रक्रिया न झेपणारे स्टेज वन-एचे ५१ रुग्ण होते. दोन वर्षांनी ६९.८ टक्के हयात होते, पण त्याच जागी आजार न परतलेले ५९.८ टक्केच. श्वासाचे आकडे मात्र उपचारामुळे खालावले नाहीत. हे आकडे जपानी ट्रायलच्या ९४ टक्क्यांशेजारी ठेवू नका. तिथले रुग्ण धडधाकट होते, इथले शस्त्रक्रियेला नाकारलेले. त्यांच्यातले बरेच मृत्यू इतर आजारांनी होतात. तेव्हाचं तंत्रही बहुतेक रेडिओफ्रीक्वेन्सीचं होतं. पण जागच्या जागी आजार परतण्याचा आकडा डोळ्याआड करता येत नाही. ज्याला शस्त्रक्रिया झेपते त्याच्यासाठी उष्णता तितकीच चांगली आहे, हे कुठल्याही मोठ्या रँडमाइज्ड ट्रायलने अजून सिद्ध केलेलं नाही. तुमच्या हातातली ट्रायल नेमकं हेच तपासत असेल तर ती व्हायलाच हवी. फक्त ज्याला शस्त्रक्रिया झेपते, त्याने ट्रायलच्या देखरेखीबाहेर हा उपचार शस्त्रक्रियेऐवजी घेऊ नये.

आता नातेवाइकांचं म्हणणं. सुईच्या मार्गावर पेशी सांडून तिथे गाठ उगवल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण ती फार विरळ आहेत. सुई बाहेर काढताना मार्ग तापवत आणला की धोका आणखी कमी होतो. बाबांची बायॉप्सी झालेली आहे, म्हणजे सुई एकदा आत जाऊन आली आहे. त्या भीतीपोटी उपचार नाकारू नका. खरी काळजी न्यूमोथोरॅक्सची करा. फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडून हवा बाहेर साचते. सुईने उपचार घेतलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला हे होतं, आणि सगळे रुग्ण धरले तर दहातल्या एक-दोघांना छातीत नळी घालावी लागते. सिगारेटने फुगलेल्या, एम्फिसेमा झालेल्या फुप्फुसात हे जास्त होतं, तेव्हा बाबांनी नळीची मनाची तयारी ठेवूनच जावं. श्वासनळीतून लवचीक कॅथेटर नेऊन तापवण्याची पद्धत असेल तर आवरण टोचलं जात नाही आणि हा धोका घटतो; ट्रायलमध्ये कोणती पद्धत आहे ते पाहा. थुंकीतून थोडं रक्त, आठवडाभर अंग मोडून येणं, बारीक ताप हे अपेक्षित आहे. तापवलेल्या जागी पू होणं, श्वासनळी आणि छातीची पोकळी यांच्यात कायमची वाट पडणं, रक्तवाहिनीत हवा जाणं हे विरळ, पण जिवावर बेतणारं. सीटीवर फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसाचं जाळं कडक झाल्याच्या खुणा असतील तर उष्णता आणि किरणं दोन्हींचा धोका वाढतो. स्कॅनच्या अहवालात तो शब्द आहे का बघा.

प्रत्यक्ष दिवशी पूर्ण भूल किंवा गाढ गुंगी असते. गाठ मागच्या बाजूला असेल तर पालथं झोपवतात, श्वासागणिक हलणारी गाठ शक्यतो स्थिर ठेवतात आणि सीटी बघत सुई नेतात. नंतर दोन ते चार तासांनी छातीचा एक्स-रे, बहुतेक ठिकाणी एक रात्र मुक्काम. घरी आल्यावर अचानक दम लागला, छातीत एका बाजूला कळ आली, चमचाभराहून जास्त रक्त पडलं, किंवा आठवडा उलटल्यावर ताप चढू लागला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. न्यूमोथोरॅक्स झालाच, तर तो पूर्ण भरून आल्याचं एक्स-रेत दिसल्यावर आठवडा होईपर्यंत विमानप्रवास नको.

पुढच्या तपासण्यांत घाबरगुंडी उडण्याची एक जागा आहे, ती आधीच सांगून ठेवतो. महिन्याभराने सीटी काढला की जखम मूळ गाठीपेक्षा मोठी दिसते. ती मोठी दिसायलाच हवी, कारण गाठ अधिक पट्टा असं सगळं मारलेलं असतं. त्या स्कॅनवरून पुढची तुलना करायची. मधोमध पोकळीही दिसू शकते. तीन महिन्यांच्या आत पेट काढला तर दाहामुळे जागा उजळते आणि उगाच कॅन्सरचा संशय येतो. जखम हळूहळू आकसत गेली पाहिजे. सहा महिन्यांनंतर ती वाढू लागली, किंवा कडेला नवा जाड गोळा दिसला, तर पुन्हा बायॉप्सी. ट्रायलमध्ये पहिली दोन वर्षं तरी दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन हवेत. आजार परतला तर पुढे काय करणार, पुन्हा तापवणार, किरणं देणार की शस्त्रक्रिया, आणि तो खर्च कोण उचलणार, हे लेखी मागा. तापवलेल्या जागी नंतर शस्त्रक्रिया करता येते, पण चिकटलेल्या भागामुळे ती अवघड होते.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा चालण्याची किंवा जिन्याची चाचणी आणि हृदयाची तपासणी. मग त्या आकड्यांसकट सर्जनकडे एकच प्रश्न घेऊन जा : ‘दुर्बिणीतून फक्त उपखंड काढता येईल का?’ तिसरी भेट किरणोपचाराच्या डॉक्टरांची, आणि शक्य असेल तर या सगळ्यांची एकत्र बैठक, म्हणजे ट्युमर बोर्ड. चाचणीत बाबा काठावर निघाले आणि ट्रायल दुसऱ्या जातीची असली, ग्रंथींची तपासणी आणि पट्ट्याचं मोजमाप त्यात लिहिलेलं असलं, तर सही करायला आमची पूर्ण संमती आहे. चाचणीत ते उत्तम निघाले तर सेगमेंटेक्टमीचा पर्याय झिडकारण्याआधी दोनदा विचार करा.

क्लोपिडोग्रेलबद्दल एक. सुई असो की शस्त्रक्रिया, ते सहसा पाच दिवस आधी थांबवतात. प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १.५ च्या आसपास किंवा खाली असावा लागतो. पण स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ज्यांनी स्टेंट बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांकडून थांबवण्याची तारीख, त्या दिवसांत ॲस्पिरिन चालू ठेवायची का, आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे तिन्ही लेखी घ्या आणि तो कागद ट्रायलच्या डॉक्टरांच्या हातात द्या.